वॉर्डात सिस्टर एकटी होती

नर्सेसच्या असोसिएशनच्या आमच्या नागपूर शाखेनं यंदा स्मरणिका काढली. "कुसुमताई, पुष्पलताबाईंचा परिचय तुम्हीच लिहावा, दीडशे शब्दांत," असं पत्र मला आलं. जन्म, शिक्षण, नोकरी, छंद असे चार रकानेही आखून दिले होते. मी रकाने बाजूला सारले आणि चार पानं लिहून पाठवली. आठ दिवसांनी कागद परत आले. जवळजवळ प्रत्येक ओळीवर लाल रेघ होती, आणि उरलेल्या मजकुरात वरून एवढे शब्द घातलेले होते. "शांत, सोशिक व सेवाभावी परिचारिका."

सोशिक! पुष्पलता गजभिये सोशिक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवीस वर्षं मी या बाईबरोबर एका रुग्णालयात काम केलं. ती शांत नव्हती, सोशिक तर मुळीच नव्हती, आणि सेवाभावी म्हटलेलं तिला खपत नसे. "सेवा देवळात करतेत वं," ती म्हणायची. "आपण काम करून राहिलो. काम." ज्या हातानं ती लाल रेघ मारली तो हात मी ओळखते. त्याच्याबद्दल पुढे सांगते. आधी बाई कोण होती ते सांगते, आणि आता दीडशे शब्दांत नाही सांगणार.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. फाटकापासून शवागारापर्यंत देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या लावून ठेवल्यात त्यांनी. तेवढं नाव त्यांना पुरे आहे.

पुष्पलता नागपुरातल्याच इंदोऱ्याची. वडील नत्थूजी गिरणीत, आई भीमाबाई घरी बिड्या वळायची. छप्पनच्या ऑक्टोबरात सगळ्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आईनं आपलंच पांढरं लुगडं अर्धं फाडून तिला नेसवलं होतं. चार वर्षांनी ती नर्सिंगच्या ट्रेनिंगला आली आणि पुन्हा पांढरं नेसली. "दोन्ही वेळा कोणाच्या पाया पडाले नाही नेसली मी," असं ती हसत सांगायची. पण ते हसणं पुरतं हसणं नसायचं.

मी उमरेडची, विणकराची पोर. आमच्या घरचे माग बंद पडले म्हणून मी या धंद्यात आले. ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघी एका खोलीत होतो, आणि मी माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवत असे. कुणी सांगितलं नव्हतं. घरातून तसंच आले होते. सहा महिने ती काही बोलली नाही. मग एके दिवशी मला टायफॉइडनं गाठलं, आणि तिनं माझा तोच पेला धुऊन, तिच्या माठातलं पाणी भरून माझ्या तोंडाला लावला. "पी," म्हणाली. "काहून पाहून राहिली? पाणीच आहे." मी प्यायले. दुसऱ्यांवर राग काढायच्या आधी हे लिहायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

आता असोसिएशन. ही अखिल भारतीय संस्था फार जुनी. इंग्रजांच्या काळात गोऱ्या मेट्रनबायांनी ती उभी केली, आणि नर्स म्हणजे मोलकरीण नव्हे, शिकून आलेली बाई आहे, तिचं नाव सरकारी रजिस्टरात असलं पाहिजे, हे त्यांनी लावून धरून मिळवलं. त्याबद्दल मी त्यांना हात जोडते. पण आमच्या शाखेत ती संस्था कशी पोचली होती? वर्षातून एकदा चहा, चिवडा, ग्रुप फोटो आणि इंग्रजीतला एक ठराव. दिल्लीहून मासिक यायचं, ते मेट्रनबाईंच्या कपाटात वेष्टनासकट पडून असायचं. शाखेची अध्यक्षा कोण? मेट्रन यमुताई. म्हणजे जी बाई सकाळी तुम्हाला मेमो देणार, तिच्याकडेच संध्याकाळी तुम्ही मेमोची तक्रार न्यायची. आणि तक्रार नेली की त्या म्हणायच्या, "आपली असोसिएशन आहे, युनियन नव्हे. आपला व्यवसाय उदात्त आहे."

एकोणसत्तर साली सेक्रेटरीची जागा रिकामी झाली. इतिवृत्त लिहायला कुणी तयार नव्हतं. पुष्पलताचं अक्षर चांगलं म्हणून यमुताईंनी तिला सेक्रेटरी केलं. यमुताईंच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी चूक, आणि आमच्यावर त्यांनी केलेला एकमेव उपकार. बाईनं पहिल्याच आठवड्यात कपाटातली सगळी मासिकं मागून घेतली आणि डिक्शनरी घेऊन बसली. संस्थेची घटना तिनं तीनदा वाचली. मला म्हणाली, "कुसुम, यात चहा कुठंच नाही वं."

आता नर्सेसच्या दोन रिती सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. पहिली, ओव्हर. ड्युटी संपली म्हणून नर्स वॉर्ड सोडून जात नाही. पुढची नर्स आली की दोघी खाटेखाटेपाशी जातात. ही कोण, हिला काय झालं, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, सगळं सांगायचं, दाखवायचं, आणि शेवटी रिपोर्ट बुकात दोघींच्या सह्या. पुढची आलीच नाही तर आधीचीनं थांबायचं. दुसरी रीत, खोडायची. रिपोर्ट बुकात चूक झाली तर नर्स ती एका रेघेनं खोडते आणि शेजारी सही करते. खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. गिरगटून काढायचं नाही, शाई सांडायची नाही. काय चुकलं होतं तेसुद्धा रुग्णाचं असतं, असं आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलेलं.

चौऱ्याहत्तरचा एप्रिल. चार नंबरचा वॉर्ड, बायकांचा, ऑपरेशनवाल्यांचा. खाटा अठ्ठेचाळीस, पेशंट एकाहत्तर, उरलेल्या बाया दोन खाटांच्या मधे जमिनीवर. अरुंधती नावाची पोरगी दुपारी दोन ते नऊच्या ड्युटीवर होती. सावनेरच्या मास्तरांची मुलगी, नोकरीला लागून सात महिने झालेले. एकाहत्तर बायांना ती एकटी. त्या दिवशी सकाळी आमचे सुपरिंटेंडेंट डॉ. मधुसूदन हरकरे यांनी नरखेडकडच्या रुख्माबाईचं गर्भाशयाचं ऑपरेशन केलं होतं. चार वाजता अरुंधतीनं तिची नाडी पाहिली, ठीक होती. साडेचारला पुन्हा पाहायची होती. पण साडेचारला वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला भाजलेल्या एका बाईला झटके सुरू झाले, आणि अरुंधती तिला धरून बसली. पाच वाजता ती रुख्माबाईकडे पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं. आतल्या आत रक्त गेलं होतं.

आतला टाका कुणाचा निसटला, हे कुणी विचारलं नाही. टाका डॉक्टरांचा होता ना! विचारलं ते एवढंच की सिस्टर कुठं होती.

अरुंधतीनं रिपोर्ट बुकात सगळं वेळेसकट लिहिलं होतं, आणि शेवटी एक वाक्य, "त्या वेळी वॉर्डात मी एकटी होते." बुक दोन दिवस ऑफिसात राहिलं. परत आलं तेव्हा त्या वाक्यावर निळ्या शाईचा असा थर दिला होता की कागद मागून फुगला होता. बाकी सगळं जागच्या जागी. अरुंधती सस्पेंड झाली. कर्तव्यात अक्षम्य हयगय, असा आरोप ठेवला आणि तिचं नाव नर्सेसच्या रजिस्टरातून काढावं म्हणून नर्सिंग कौन्सिलला पत्र गेलं. नाव गेलं म्हणजे या रुग्णालयातली नोकरी जाणं नव्हे. मुलुखातल्या कुठल्याच वॉर्डात तिला पाय ठेवता येणार नव्हता, आणि एका बाईला मारलं हा शिक्का जन्मभर राहणार होता. पोरगी होस्टेलच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. वडिलांचं पत्र आलं होतं, घरी ये, स्थळ पाहू. तिनं ते उत्तर न देता उशाखाली ठेवलं होतं.

शाखेची तातडीची बैठक पुष्पलतानं लावली. यमुताई म्हणाल्या, "दुर्दैवी घटना आहे. आपण सहानुभूतीचा ठराव करू." दिल्लीला पुष्पलतानं आधीच लिहिलं होतं, त्याचं उत्तरही हातात होतं. स्थानिक अधिकारी सहानुभूतीनं विचार करतील असा विश्वास वाटतो, असं त्यात होतं. सगळ्यांनाच विश्वास वाटत होता, आणि सगळ्यांना सहानुभूती होती. पोरगी मात्र बुडत होती.

कुणीतरी मागून ओरडलं, "संप करा!"

"संप नाही," पुष्पलता म्हणाली. "संप केला अन् एखादी बाई मेली, तर खापर आपल्याच डोक्यावर. अन् ते बरोबरही राहीन. आपण नियम पाळू. त्याहिनंच केलेला नियम." मग यमुताईंकडे वळून अगदी नम्रपणे, "बाई, आपला व्यवसाय उदात्त आहे ना?"

अरुंधती सस्पेंड झाल्यावर तिच्या जागी कुणी दिलं नव्हतं. नऊ दिवस चार नंबरची सकाळची नर्स सातला यायची आणि दोनला सुटायच्या ऐवजी रात्री नऊला सुटायची. दहाव्या दिवशी सकाळी पुष्पलताची ड्युटी होती. त्या दिवशी चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं. हरकऱ्यांच्या खोलीला वाळ्याच्या ताट्या होत्या, आमच्या वॉर्डाला दोन पंखे, त्यातला एक चालू.

दोन वाजता तिनं रामाजीला, आमच्या जुन्या वॉर्डबॉयला, मेट्रनबाईंकडे पाठवलं. ओव्हर घ्यायला कुणी पाठवा. यमुताई स्वतः आल्या. "तूच थांब. रोज थांबतातच की."

"बाई, माझी ड्युटी संपली. तुम्ही ओव्हर घ्या."

यमुताईंनी पंधरा वर्षांत पेशंटला हात लावला नव्हता. त्या दोन पावलं मागं सरकल्या. "मला मीटिंग आहे," म्हणाल्या.

"मग सुपरिंटेंडेंट साहेबांले देतो. नियमात जबाबदार व्यक्ती लिहिलं आहे. त्यांच्याहून जबाबदार कोण?"

हरकरे आले ते रागानंच, पण व्हरांड्यात पाहून थबकले. ऑफ ड्युटी असलेल्या आम्ही एकोणतीस जणी युनिफॉर्म घालून भिंतीला लागून उभ्या होतो. घोषणा नाही, फलक नाही. एकही वॉर्ड उघडा सोडलेला नव्हता. काय म्हणणार? त्यांच्याबरोबर दोन तरुण डॉक्टर होते आणि रुग्णालयाचा एक ट्रस्टी होता. तिथं त्यांचा मान आडवा आला. ते हसले.

"द्या, मी घेतो ओव्हर," ते म्हणाले. "थर्मामीटर लावायचं आणि बेडपॅन द्यायचा, त्यात काय एवढं? मेट्रन, तुम्ही तासाभरात कुणीतरी शोधा." दोन्ही डॉक्टरांना त्यांनी हातानं परत पाठवलं. हवंच कशाला कुणी!

ओव्हर सुरू झाला. पहिली खाट, दुसरी, तिसरी. तिसऱ्या खाटेपाशी ते म्हणाले, "ठीक आहे, कळलं, आणा सही करतो."

"सर, अजून अडुसष्ट आहेत. पूर्ण ओव्हर झाल्याशिवाय सही नसते."

मी पुष्पलताला इतकं गोड बोलताना कधी ऐकलं नव्हतं. एकाहत्तर पेशंट, कुणाची सलाइन किती थेंबांवर, कुणाची लघवी किती झाली, कुणाला चारचं इंजेक्शन, कुणाची सासू बाहेरून शिळं आणून भरवते. दीड तास लागला. हरकऱ्यांचा शर्ट पाठीला चिकटला. साडेतीनला त्यांनी सही केली. पुष्पलता बाहेर आली आणि लगेच मला म्हणाली, "तू त्या खिडकीशी, मी या खिडकीशी. एकाही बाईले धक्का लागला तर आपली गोष्ट तिथंच संपली, समजलं?"

पुढं लोक म्हणाले की तुम्ही पेशंटांच्या जिवाशी खेळलात. आम्ही? एकाहत्तर बायांना एक पोरगी देऊन रोज जो खेळ चालला होता, तो कुणी मांडला होता? त्या दुपारी तर दोन खिडक्यांतून तीस नर्सेस पाहत होत्या. इतकी नजर त्या वॉर्डावर कधीच नव्हती.

आत काय चाललं ते आम्ही पाहिलं. एक म्हातारी खाटेवरून उतरू लागली, साहेब धावले. तोवर पलीकडे कुणी बेडपॅन मागितला. ते दोनदा "मावशी!" म्हणून ओरडले. मावशी कपडे धुवायच्या खोलीत होत्या, नेहमीसारख्या. चारची इंजेक्शनं सव्वाचार झाले तरी सात खाटांच्या पुढं गेली नव्हती. जमिनीवरच्या एका बाईच्या हातावर त्यांचा बूट पडला. ती किंचाळली, तिचा नवरा भांडायला आला. यमुताईंना कुणी मिळालं नव्हतं; त्या दारात उभ्या राहून "अहो सर, अहो सर," करत होत्या.

पाचला दहा मिनिटं कमी असताना पुष्पलता माझ्या शेजारून वाऱ्यासारखी आत गेली. एक्केचाळीस नंबरची खाट. पारशिवनीची तुळजाबाई, सकाळी हरकऱ्यांनीच ऑपरेशन केलेली. सलाइनची बाटली रिकामी, हात खाटेबाहेर लोंबलेला, आणि कमरेखालची चादर लाल. पुष्पलतानं रामाजीकडून खाटेची पायाकडची बाजू उचलून घेतली, तिच्याखाली विटा सारल्या, नवी बाटली लावली, आणि मग हाक मारली, "सर, एक्केचाळीस!"

हरकरे नऊ नंबरच्या खाटेपाशी होते. ते धावत आले, चादर पाहिली, आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले, "मी एकटा माणूस काय काय पाहू?"

व्हरांड्यातून आम्हीही ऐकलं.

तुळजाबाई वाचली. तिला लगेच थिएटरात नेलं, हरकऱ्यांनी पुन्हा टाका घातला. चांगला घातला. हात चांगलाच होता त्यांचा, ते नाकारत नाही मी. सहा वाजता ते थिएटरमधून परत आले तेव्हा पुष्पलता रिपोर्ट बुक उघडून उभी होती.

"घ्या आता ओव्हर," ते म्हणाले.

"घेतो सर. पण घटनेची नोंद झाल्याशिवाय मला ओव्हर घेता येत नाही. नियम आहे."

"उद्या लिहितो."

"मग उद्यापर्यंत वॉर्ड तुमच्याकडे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग व्हरांड्याकडे. कुणीही जागचं हललं नव्हतं. त्यांनी पेन काढलं आणि इंग्रजीत लिहिलं. चार पन्नास वाजता खाट एक्केचाळीसवरील रुग्ण रक्तस्रावामुळे अत्यवस्थ आढळली. मी खाट नऊवर होतो. वॉर्डात मी एकटा होतो. खाली सही, वेळ. पुष्पलतानं ते मोठ्यानं वाचलं, मराठीत करून पुन्हा वाचलं, खाली सही केली, आणि पदर खोचून कामाला लागली. सकाळी सातला आलेली बाई रात्री नऊपर्यंत त्या वॉर्डात होती, हे कुठल्याही स्मरणिकेत यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पानांच्या नकला एकोणतीस सह्यांनिशी दिल्लीला गेल्या. एक अरुंधतीचं शाई फासलेलं पान, एक साहेबांचं. या खेपेला ते पत्र तिथल्या कुणातरी खऱ्या नर्सच्या हातात पडलं असावं, कारण उत्तर चारच ओळींचं आलं, आणि ते आम्हाला नव्हे, रुग्णालयाला. चौकशी समितीत नर्स असली पाहिजे. वॉर्डात त्या दिवशी किती नर्सेस मंजूर होत्या आणि किती हजर होत्या ते कळवावं. प्रत कौन्सिलला. रुग्णालयानं तेव्हा नुकताच नर्सिंग स्कूलसाठी कौन्सिलकडे अर्ज केला होता. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पत्र गिळावं लागलं.

चौकशीला मुंबईहून एक वयस्क नर्सबाई आल्या. त्यांनी शाई फासलेलं पान उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "हे कुणी खोडलं?" हरकरे म्हणाले, "त्या मुलीनंच खोडलं असेल, घाबरून."

पुष्पलता शाखेतर्फे हजर होती. ती उठली. "बाई, हे नर्सचं खोडणं नाही. नर्स एका रेघेनं खोडते अन् सही करते. हे ज्यानं खोडलं त्याले लपवायचं होतं." मग दुसरं पान पुढं केलं. "अन् खाली काय लिहिलं होतं ते पाहायचं असन, तर साहेबांनी दहा-बारा दिवसांनी तेच लिहिलं आहे." त्या मुंबईच्या बाईंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली.

अरुंधती जुलैत कामावर आली. नाव रजिस्टरात राहिलं. प्रत्येक वॉर्डाला प्रत्येक पाळीत दोन नर्सेस, असा हुकूम निघाला. त्या दिवशी अरुंधतीनं पुष्पलताचे पाय धरले, आणि पुष्पलतानं तिला दंडाला धरून उभं केलं. "पाया पडू नको वं. लिहीत जाय. जे झालं ते लिहीत जाय."

पुष्पलताला काय मिळालं? असभ्य वर्तनाचा मेमो. मग ड्रेसिंगच्या खोलीत बदली, आणि पुढची नऊ वर्षं बढतीच्या यादीत नाव नाही. तिच्या मागून आलेल्या सहा जणी सिस्टर इन चार्ज झाल्या. यमुताई एकदा माझ्यासमोर बोलून गेल्या, "यांना डोक्यावर घेतलं की असंच होतं." यांना म्हणजे कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारावं लागलं नाही. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. तो राग माझ्यावरच आहे, आणि तो जात नाही.

दोन नर्सेसचा हुकूम ऐंशीपर्यंत टिकला. मग एक रिटायर झाली, तिची जागा भरली नाही. एक बाळंतपणाला गेली, तिचीही नाही. असं करत करत पुन्हा पाळीला एकच नर्स उरली. त्र्याऐंशीत मेट्रन झाली अरुंधती. शाखेची अध्यक्षाही तीच. पुष्पलताला केवढा आनंद झाला होता! तिनं आमच्या सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली. दोन वर्षांनी मेट्रनच्या सहीचं परिपत्रक निघालं. रिपोर्ट बुकात मनुष्यबळाविषयी शेरे लिहू नयेत.

पुष्पलतानं ते नोटीस बोर्डावर वाचलं. पेल्याचे ते सहा महिने सोडले, तर अख्ख्या आयुष्यात तिला मी गप्प पाहिलं ते त्या एका दिवशी.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये पोटात गाठ निघाली म्हणून तिचं ऑपरेशन झालं, आमच्याच रुग्णालयात, चार नंबरच्या वॉर्डात. खाट मिळाली एक्केचाळीस. योगायोग नाही काही, खिडकीजवळची म्हणून तिनंच मागून घेतली होती. तिसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला मी भेटायला गेले. भंडाऱ्याकडची एक नवीन पोरगी ड्युटीवर होती, एकटी, चौसष्ट पेशंटांवर, आणि ती दुसऱ्या टोकाला एका बाईच्या उलट्या सावरत होती. पुष्पलताची बाटली संपून नळीत रक्त चढलं होतं. तिनं स्वतःच दुसऱ्या हातानं नळीची चिमटी बंद केलेली. मी ओरडणार, तर म्हणाली, "ओरडू नको. ते पोरगी काय करन?"

पोरगी धावत आली, रडायच्या बेतात. पुष्पलता म्हणाली, "बुक आण. लिही."

"बाई, मॅडमनं मनाई केली आहे."

"मग मले दे. मी पेशंट आहे. पेशंटले मनाई नाही."

तिनं आडवं पडूनच लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, ते सुरेख अक्षर. "खाट ४१. पाच वाजून दहा मिनिटं. बाटली संपली. वॉर्डात सिस्टर एकटी होती. तिचा दोष नाही. पुष्पलता गजभिये, रुग्ण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनचा राउंड झाला. मी मुद्दाम हजर होते. अरुंधतीनं बुक उघडलं, ते पान वाचलं. खूप वेळ वाचलं. पुष्पलता खाटेवरून तिच्याकडे पाहत होती. मग अरुंधतीनं खिशातलं लाल पेन काढलं, त्या नोंदीवर रेघ मारली, शेजारी सही केली आणि पुढच्या खाटेकडे गेली. पोरीला मेमो मात्र दिला नाही.

पुष्पलता मे महिन्यात गेली. स्मरणिकेत ती सोशिक आहे.

मी गेल्या आठवड्यात जुन्या रेकॉर्डच्या खोलीत जाऊन ते बुक काढलं. रामाजी आता तिथं बसतो, त्यानं चावी दिली. माझ्या परत आलेल्या कागदांवर आहे तशीच रेघ होती, लाल, सरळ, एकच. अरुंधती शेवटी नर्स आहे. खालचं सगळं वाचता येतं.